स्पंज फिंगर बिस्किटं: तिरामिसूला कोरडी, शार्लोटला ताजी

नाशिकहून घरगुती केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: तिरामिसूसाठी (कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि मलई यांच्या थरांचं इटालियन डेझर्ट) पाकिटातली इटालियन सावोयार्दी, म्हणजे वाळवलेली स्पंज फिंगर, वापरली तर छान होतं, पण महाग पडतं. म्हणून त्यांनी घरी स्पंज फिंगर केली, तर ती कॉफीत घालताक्षणी हातातच तुटली. उरलेली त्यांनी स्ट्रॉबेरीच्या शार्लोटला (साच्यात कडेनं बिस्किटं उभी लावून आत थंड क्रीम भरलेलं डेझर्ट) लावली, तर ती झकास झाली. पुढच्या शार्लोटला पाकिटातली लावली, तर कडा कडक राहिल्या आणि कापताना सगळं उभं कुंपण कोसळलं. असं का होतं? मारी किंवा टोस्ट चालेल का? बिनअंड्याची होतात का? आणि जुन्या एवढ्या डेझर्टमध्ये हेच बिस्किट का?

ताई, तुमच्या हातून चूक झालेली नाही. एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, शिकवल्या जातात आणि पाककृतींत लिहिल्या जातात, सगळा घोळ तिथला आहे. एक आहे ताजं, मऊ, त्याच दिवशी वापरायचं स्पंज फिंगर. दुसरं तेच, पण पूर्ण वाळवलेलं, महिनोन् महिने टिकणारं. पहिलं आकार धरायला असतं, दुसरं भिजायला. तुम्ही तिरामिसूला पहिलं वापरलंत आणि शार्लोटला दुसरं. अदलाबदल केलीत की दोन्ही पदार्थ जमतील.

मी बावीस वर्षं पेस्ट्रीच्या कामात आहे. त्यातली सहा वर्षं प्रवासी जहाजांवर गेली, आणि तिथे माझे वरिष्ठ इटालियन होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे सावोयार्दीचं एक पाकीट आणि थंड कॉफीचा वाडगा ठेवला. एकेक बिस्किट बुडवून मोडून बघायला लावलं, दोन तास. तेव्हा ते फार वाटलं होतं. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच करायला लावतो, कारण या बिस्किटाबद्दलचं निम्मं ज्ञान त्या वाडग्यात आहे.

तुम्हीही करून बघा. पाकिटातलं एक बिस्किट कोरडंच मधोमध मोडा. कट्‌ असा स्वच्छ आवाज येतो. मोडलेला भाग उजेडात धरलात तर आत बारीक बारीक पोकळ्यांची जाळी दिसते, ढोकळ्याच्या जाळीसारखी, फक्त ठणठणीत वाळलेली. या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून द्रव आत खेचला जातो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. आता दुसरं बिस्किट कॉफीत घाला, मनात ‘एक’ म्हणा, उलटा, पुन्हा ‘एक’ म्हणा आणि बाहेर काढून मोडा. कडेनं तपकिरी कडं आणि मधोमध पेन्सिलीएवढा पांढरा, कोरडा गाभा दिसला पाहिजे. तिसरं चार सेकंद ठेवा. गाभा गेलेला असतो आणि बिस्किट दोन बोटांत वाकतं. चौथं सहा-सात सेकंद ठेवलंत तर ते अखंड बाहेर येत नाही.

वजन करून बघितलंत तर आणखी स्पष्ट होईल. २०० ग्रॅमच्या पाकिटात साधारण २४ बिस्किटं येतात, म्हणजे एक आठ ग्रॅमच्या आसपास. झटपट दोन्ही बाजू बुडवल्यावर ते दहा-बारा ग्रॅम कॉफी पितं. स्वतःच्या वजनाहून जास्त द्रव पोटात घेऊनही ते बोटांनी उचलून ट्रेमध्ये मांडता येतं. माझ्या माहितीत दुसरं कुठलंही बिस्किट हे करत नाही, आणि जुन्या डेझर्टमधली त्याची जागा याच गुणावर उभी आहे.

हा गुण येतो कुठून? घटक बघा: अंडी, साखर, मैदा. लोणी नाही, तेल नाही, दूध नाही. जी काही चरबी आहे ती पिवळ्या बलकातली. फेटलेल्या अंड्यात हवा भरते, ओव्हनमध्ये त्या हवेभोवतीचं अंडं घट्ट होतं, मैद्यातलं स्टार्च शिजतं आणि पोकळ्यांच्या भिंती पक्क्या होतात. या भिंती भिजल्या तरी विरघळत नाहीत. ओला स्पंज मऊ होतो पण त्याचं पाणी होत नाही, तसंच. मारी बिस्किट नेमकं उलटं. त्यात तूप-तेल असतं, पीठ घट्ट मळून लाटलेलं असतं, आणि पाणी इतकं कमी की स्टार्च नीट शिजतच नाही. ते साखर आणि चरबीच्या जोरावर उभं असतं. भिजलं की हा जोर जातो आणि उरतो तो लगदा. चहात मारी पडलं की काय होतं ते आपण रोज बघतो.

त्यामुळे मारीचं तिरामिसु होतं का, तर थरांचं पुडिंग होतं, चवीला वाईटही लागत नाही, पण कापल्यावर आतली ती ओलसर जाळी मिळत नाही. ग्राहकाला ते तिरामिसु म्हणून विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टोस्ट त्यापेक्षा बरा. तो मुळात पाव असतो, दुसऱ्यांदा भाजलेला, त्यामुळे त्यात जाळी असते आणि भिजूनही तो उभा राहतो. पण तो चिवट होतो, आणि आपल्या बेकरीतल्या टोस्टमध्ये बहुतेकदा वेलची किंवा बडीशेप असते, ती कॉफीवर कुरघोडी करते. घरच्यांसाठी करायचं असेल तर साधा, बिनवासाचा टोस्ट घ्या आणि थोडा जास्त वेळ भिजवा.

आता नावांबद्दल, कारण पाककृती वाचताना तुमचा गोंधळ तिथेच सुरू होतो. ‘सावोयार्दी’ म्हणजे सावॉयचं. आल्प्सच्या कुशीतलं सावॉय हे जुनं संस्थान, आज त्याचा मुलूख मुख्यतः फ्रान्समध्ये आहे, पण त्याच राजघराण्यानं पुढे तुरीनहून राज्य केलं आणि १८६१ मध्ये इटलीचं सिंहासनही त्याच घराण्याकडे आलं. हे बिस्किट त्या दरबारात जन्मलं असं परंपरा सांगते. फ्रेंच लोक त्याला ‘बिस्क्वी आ ला क्युइयेर’ म्हणतात, चमच्याचं बिस्किट. पायपिंग बॅग येण्याआधी पीठ चमच्यानंच लांबट टाकलं जाई. जर्मन नावातही चमचाच आहे. डच लोक ‘लांब बोटं’ म्हणतात, ऑस्ट्रियात ‘बिस्कोटन’, फिलिपिन्समध्ये ‘ब्रोआस’. इंग्लंडमध्ये स्पंज फिंगर, आणि त्याचाच जास्त कडक, साखर लावलेला प्रकार म्हणजे बूडवार. अमेरिकन पुस्तकांत लेडीफिंगर, पण आपल्याकडे त्या शब्दानं भेंडी डोळ्यासमोर येते, म्हणून मी वर्गात स्पंज फिंगर असंच म्हणतो.

व्यवहारात लक्षात ठेवायचं ते असं: फ्रेंच पाककृतीत ‘आ ला क्युइयेर’ लिहिलं असेल तर ताजं, मऊ बिस्किट अपेक्षित आहे. इटालियन पाककृतीत सावोयार्दी म्हटलं असेल तर बहुतेकदा पाकिटातलं, कडक. इटलीत या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. २००५ च्या सरकारी आदेशानुसार ‘सावोयार्दी’ म्हणून विकायच्या बिस्किटात किमान २६ टक्के अंडी लागतात. म्हणून पाकीट घेताना मागच्या बाजूला अंड्याची टक्केवारी वाचा. स्वस्त नकलांमध्ये अंडं कमी आणि पीठ जास्त असतं, आणि ती भिजल्यावर मारीच्याच वाटेनं जातात. कारखान्यातल्या सावोयार्दीत अमोनियम बायकार्बोनेटही असतं. भाजताना त्याचा वायू होऊन पूर्ण निघून जातो, जाळी आणखी मोकळी होते. घरी त्याची गरज नाही.

शार्लोटपासून सुरुवात करतो, कारण तिथे हे बिस्किट सगळ्यात देखणं दिसतं. मूळ शार्लोट पावाची: साच्याला लोणी लावलेल्या पावाचे काप लावायचे, आत शिजवलेलं सफरचंद भरायचं आणि भाजायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारी-आंत्वान कारेम या फ्रेंच आचाऱ्यानं (१७८४–१८३३) पावाच्या जागी स्पंज फिंगर उभी केली आणि आत थंड क्रीम भरलं, असं श्रेय त्याला दिलं जातं. त्यानं तिला पॅरिसची शार्लोट म्हटलं होतं, पुढे ‘शार्लोट रूस’, म्हणजे रशियन शार्लोट, हे नाव रूढ झालं. भट्टीत न जाणारी शार्लोट ती हीच. आत असतं ते बाव्हारुआ: अंड्याचं कस्टर्ड, जिलेटिन आणि फेटलेलं क्रीम.

आता विचार करा, या पदार्थात बिस्किटाला काम काय? त्याला भिंत व्हायचं आहे. वाटोळ्या साच्यात वळायचं आहे, शेजारच्याला चिकटून राहायचं आहे, आणि सुरी आली की क्रीमइतक्याच सहज कापलं जायचं आहे. वाळलेलं बिस्किट वळत नाही. आतल्या क्रीममधून त्याला मिळणारा ओलावा पुरत नाही, म्हणून कडा कडक राहतात. तुमचं कुंपण कोसळलं ते यामुळे. हॉटेलात असताना एका लग्नाच्या बुफेसाठी मीही घाईत पाकिटातली बिस्किटं लावून ४० शार्लोट केल्या होत्या. पाहुण्यांचे चमचे बिस्किटावरून घसरत होते, आणि निम्म्या प्लेटांत भिंत तशीच उरून परत आली. ती परत आलेली प्लेट मी विसरलेलो नाही.

शार्लोटसाठी बिस्किटं सुटी भाजूच नका. बटर पेपरवर दोन समांतर रेघा मारा, साच्याच्या उंचीइतक्या अंतरावर, समजा सहा सेंटिमीटर. त्या रेघांमध्ये बोटं शेजारीशेजारी पाडा, मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट ठेवून. भाजताना ती फुगून एकमेकांना चिकटतात आणि एक लांब पट्टी तयार होते. थंड झाल्यावर खालची कड सुरीनं सरळ कापा, पट्टी साच्यात उभी लावा, साखरेची बाजू बाहेर, सपाट बाजू आत. पाक लावायचा तो फक्त आतून, ब्रशनं, हलका. बाहेरून लावलात तर साखरेचे मणी विरघळतात आणि सगळी शोभा जाते. पट्टी भाजल्या दिवशीच वापरा. दुसऱ्या दिवशी ती वळवताना तडकते. जिलेटिन नको असेल तर चायना ग्रास चालतं, पण ते खोलीच्या तपमानालाच धरतं, तेव्हा क्रीम त्यात मिसळायला उशीर करू नका, नाहीतर आत गाठी होतील.

तिरामिसूची गोष्ट उलटी, आणि ती फार जुनीही नाही. व्हेनिसच्या उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर त्रेव्हिसो नावाचं शहर आहे. तिथल्या ‘ले बेक्केरिए’ या रेस्तराँत १९७२ च्या सुमारास हा पदार्थ मेनूवर आला. मालक आदो आणि आल्बा कांपेओल, पेस्ट्रीचे आचारी रोबेर्तो लिंगुआनोत्तो. त्या भागात पिवळा बलक आणि साखर एकत्र फेटून अशक्त माणसाला, बाळंतिणीला द्यायची जुनी पद्धत आहे, आपल्याकडे डिंकाचे-अळिवाचे लाडू देतात त्याच भावनेनं. ‘तिरामिसु’ म्हणजे ‘मला वर उचल’, आणि नावाचा उगमही त्या ताकदीच्या खाण्यातच शोधतात. शेजारच्या फ्रिउली प्रांताचं म्हणणं असं की हा पदार्थ त्यांच्याकडे तोल्मेत्सोच्या एका हॉटेलात १९५० च्या दशकातच होत होता. २०१७ मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयानं पारंपरिक पदार्थांच्या यादीत तिरामिसु फ्रिउलीच्या नावे नोंदवलं, तेव्हा त्रेव्हिसोकडून मोठा निषेध झाला. भांडण आजही मिटलेलं नाही.

आपल्या कामाचं आहे ते त्रेव्हिसोच्या पाककृतीचं माप. १२ पिवळे बलक, अर्धा किलो साखर, एक किलो मस्कारपोने (मऊ, दाट इटालियन मलई चीज), ६० सावोयार्दी, कॉफी आणि कोको. बस. दारू नाही, अंड्याचं पांढरं नाही, फेटलेलं क्रीमही नाही. म्हणजे मलई बरीच जड आणि गोड आहे, आणि तिला हलकं करायचं, तिच्या गोडीला कडूपणानं अडवायचं काम बिस्किटाकडे आहे. कॉफी बिनसाखरेची, दाट, आणि ती वाहून आणणारं बिस्किट. त्यामुळे इथे बिस्किट कमी महत्त्वाचं समजून भलतंच काही वापरलं की सगळा तोल जातो आणि नुसती गोड मलई जिभेवर राहते.

कॉफी गार किंवा खोलीच्या तपमानाची हवी. गरम कॉफीत साखरेचा थर लगेच विरघळतो, बिस्किट क्षणात ढासळतं. मोका पॉटची (गॅसवर ठेवायच्या इटालियन कॉफीच्या किटलीची) किंवा एस्प्रेसोची कॉफी उत्तम. आपल्या फिल्टर कॉफीच्या बहुतेक पुड्यांत चिकोरी असते, तिचा वास मस्कारपोनेत फार पुढे येतो, तेव्हा शुद्ध कॉफीची पूड मागून घ्या. २४ बिस्किटांना ३०० मिली कॉफी लागते. आणि तो मघाचा पांढरा गाभा आठवा: तो राहू द्यायचा. मलईतही पाणी असतं, आणि रात्रभर फ्रीजमध्ये कॉफी कडेकडून आत सरकत जाते. आठ तासांनी कापलंत की गाभा नाहीसा झालेला असतो, बिस्किट सगळीकडे सारखं ओलं असतं आणि ट्रेच्या तळाशी कॉफी साचलेली नसते. बुडवतानाच पूर्ण भिजवलंत तर तीच कॉफी दुसऱ्या दिवशी तळाशी उतरते. ग्राहकांच्या ‘पाणी सुटलं’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच.

कच्च्या अंड्याबद्दलही सांगून टाकतो, कारण ऑर्डर घेताना जबाबदारी तुमची आहे. बलक आणि साखर उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात सतत फेटत ७२–७५ अंशांपर्यंत न्या, थर्मामीटर लावून. मग गार होईपर्यंत फेटा आणि मस्कारपोने मिसळा. मिश्रण दाट होतं आणि मनाला स्वस्थता राहते.

ट्रायफल आणि झुप्पा इंग्लेझे या दोघांना मी एका कुळातले समजतो. काचेच्या भांड्यात भिजलेला स्पंज, कस्टर्ड, फळं किंवा चॉकलेट, वर क्रीम. इंग्रजांच्या ट्रायफलमध्ये बिस्किट शेरीत भिजतं. ते राजवटीबरोबर आपल्याकडे आलं आणि मुंबई-पुण्याच्या जुन्या क्लबांत, लष्करी मेसमध्ये ट्रायफल पुडिंग म्हणून राहिलं. आपल्याकडे त्यात उरलेला केक घालतात, आणि तेही ठीकच, कारण ट्रायफल चमच्यानं खायचं असतं, कापायचं नसतं. तिथे बिस्किट मऊ की कडक याला फार अर्थ नाही. झुप्पा इंग्लेझे हे एमिलिया-रोमान्या आणि तोस्काना भागातलं, त्यात ‘आल्केर्मेस’ नावाचं लालभडक, मसालेदार मद्य असतं. तो लाल रंग पारंपरिक पद्धतीनं कोचिनिल नावाच्या किड्यापासून काढतात. शाकाहारी ग्राहकाला हे आधी सांगायला हवं. फ्रान्समधल्या रॅंस शहराचं गुलाबी बिस्किटही असंच, त्याचा पारंपरिक गुलाबी रंगही कोचिनिलचा. ते दोनदा भाजतात आणि शॅम्पेनमध्ये बुडवून खातात, तिथली फोस्सिए ही कंपनी १७५६ पासूनची. व्हिएन्नाच्या मालाकॉफ टोर्टमध्ये बिस्कोटन रममध्ये भिजवून क्रीमच्या थरांत रचतात. कापल्यावर एकाच वेळी शार्लोट आणि तिरामिसु दोन्हींची आठवण होते. आपल्याकडे तो फारसा कुणी करत नाही. करावा असं मला मनापासून वाटतं, थंडीत तर नक्कीच.

आता घरी करण्याचं. माप वजनानं देतो, कारण आपल्याकडे अंड्यांचा आकार फार कमीजास्त असतो. अंड्याचं पांढरं १२० ग्रॅम, पिवळा बलक ७० ग्रॅम, बारीक साखर १०० ग्रॅम, मैदा ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. वरून भुरभुरायला पिठीसाखर.

भांड्याला तुपातेलाचा लवलेश नको, लिंबाची फोड फिरवून पुसून घ्या. पांढरं फेटायला लागा, फेस पांढराशुभ्र दिसू लागला की साखर तीन वेळा विभागून घाला. थांबायचं कधी? फेस चमकत असतो, भांडं उलटं केलं तरी सरकत नाही, आणि बीटर उचलल्यावर टोक उभं राहून जरासं वाकतं. तो रवाळ, कापसासारखा सुटासुटा दिसायला लागला म्हणजे पुढे गेलात, आणि तिथून परत येता येत नाही. अशा फेसाची बिस्किटं भाजताना फुगतात आणि बाहेर काढल्यावर बसतात. बलक फक्त फोडून फेसात घाला, चार-पाच वळसे द्या. मैदा आणि कॉर्नफ्लोअर एकत्र दोनदा चाळून, दोन हप्त्यांत, स्पॅच्युलानं तळापासून वर घेत घोळवा. पिठाची शेवटची रेघ दिसेनाशी झाली की लगेच थांबा. ‘आणखी एक वळसा’ देण्याचा मोह इथे सगळ्यांना होतो आणि इथेच पीठ पातळ होतं.

पसरणाऱ्या बिस्किटांची खूण पायपिंग बॅगेतच कळते. १२ मिलिमीटरच्या गोल नोझलनं आठ-नऊ सेंटिमीटरचं बोट पाडा. ते पाडल्यावर उभार धरून राहिलं, नोझलच्या हालचालीची वळी त्यावर दिसत राहिली, तर पीठ बरोबर आहे. पाडता पाडता कडेनं सैल होत चाललं तर हवा गेली आहे. तेव्हा पुढचं घोळवणं कमी करा, आणि ओव्हन आधीच तापलेला ठेवा, कारण हे पीठ वाट बघत नाही.

पाडून झाल्यावर चाळणीनं पिठीसाखर भुरभुरा. पाच-सात मिनिटं थांबा, साखर ओलावून दिसेनाशी होईल. पुन्हा भुरभुरा आणि लगेच ओव्हनमध्ये. पहिला थर पिठाच्या ओलाव्यात विरघळून पाक होतो, दुसरा त्यावर बसतो, आणि उष्णतेनं तिथे बारीक बारीक मणी उठतात. फ्रेंच आचारी यालाच मोती म्हणतात. ओव्हनच्या काचेतून बघत बसावं असं ते दृश्य आहे: आठव्या मिनिटाच्या सुमारास गुळगुळीत पृष्ठभागावर एकेक थेंब फुगतो, थिजतो, आणि पाठीवर घामाचे मणी असावेत तशी बिस्किटं दिसू लागतात. ही साखर नुसती शोभेची नाही. ती वरून पातळ कवच करते, त्यामुळे बोट आडवं पसरण्याऐवजी वर फुगतं. पुढे बुडवताना हेच कवच कॉफीला क्षणभर थोपवून धरतं.

ओटीजी (ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन) असेल तर १८० अंश, वरची-खालची दोन्ही रॉड चालू, ११ ते १३ मिनिटं, आणि पहिली आठ मिनिटं दार उघडायचं नाही. कडा सोनेरी, मधला भाग फिका, बोटानं दाबल्यावर परत वर येणारा. शार्लोटसाठी इथेच थांबा.

तिरामिसूसाठी मात्र अर्धंच काम झालं आहे. हे वाळवणं तुमच्याकडून राहून जातं. बिस्किटं जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, मग १०० अंशांवर ४० मिनिटं, ओव्हनच्या दाराला लाकडी चमचा लावून दार किलकिलं ठेवून वाळवा. एक गार करून मोडा. कट्‌ आवाज आला पाहिजे. आत जरा जरी लवचीक वाटलं तर आणखी दहा मिनिटं. गार झाल्या झाल्या हवाबंद डब्यात. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणाकडे, साखरेचं कवच अर्ध्या तासात हवेतलं पाणी ओढून चिकट होतं. डब्यातून काढलेली बिस्किटं मऊ वाटली तर टाकू नका, पुन्हा १०० अंशांवर १५ मिनिटं द्या, पूर्ववत होतात. पाकीट फोडून आठवडाभर राहिलेल्या सावोयार्दीलाही हाच उपाय.

बिनअंड्याची होतात, पण दोन वाटांनी, आणि दोन्हींच्या मर्यादा माहीत असाव्यात. पहिली वाट छोले शिजवलेल्या पाण्याची. ते आटवून, दाट आणि थंड करून साखरेबरोबर फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो, बिस्किटाला बोटाचा आकारही येतो. पण भाजताना अंड्यासारखी घट्ट भिंत त्यात होत नाही, म्हणून बिस्किट नाजूक असतं आणि भिजल्यावर लवकर विरघळतं. वरून ब्रशनं कॉफी लावायची असेल तर चालेल, बुडवायला नाही. दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते: तुमचा नेहमीचा बिनअंड्याचा व्हॅनिला स्पंज, तेल शक्य तितकं कमी करून, पातळ थरात भाजा. दुसऱ्या दिवशी बोटाएवढ्या पट्ट्या कापा आणि ११० अंशांवर तास-सव्वा तास वाळवा. मोती नसतील, आकार चौकोनी असेल, पण जाळी खरी असते आणि कॉफी ती नीट पिते. जैन ग्राहकांच्या ऑर्डरी मी अनेक वर्षं याच पट्ट्यांवर करतो. बुडवायची वेळ मात्र प्रत्येक घाण्याला निराळी निघते, म्हणून ट्रे रचायला घेण्याआधी एक पट्टी वाडग्यात घालून, मोडून, गाभा बघून घ्या.